पट्टीपासून सूत्रापर्यंत

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या दोन्ही कालव्यांना खात्रीचा साठा मिळाला. त्याआधी सुमारे दहा वर्षे गोदावरीचे कालवे दारणा धरणाच्या जोरावर वाहू लागले होते. राहुरी, कोपरगाव, नेवासे, संगमनेर या बाजूचा मुलूख तोवर अवर्षणाचा म्हणूनच ओळखला जाई. जमीन काळी, कसदार. पाऊस मात्र बेभरवशाचा. दुष्काळाचे चटके सोसलेल्या लोकांना वाचवण्यासाठी इंग्रज सरकारने हे पाट काढले खरे, पण पाणी सुटले आणि सरकारपुढे वेगळाच पेच उभा राहिला. बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीचा शेतकरी पाटाचे पाणी घेईना, कारण पाणीपट्टी भरून त्याला काही उरत नसे. पाऊस दडी मारून बसला की मात्र सगळे एकदम पाणी मागत. धरणावर पैसा तर बारा महिन्यांचा गुंतलेला. दरवर्षी नेमाने पाणी घेईल आणि वर पट्टी भरण्याची ताकद देईल असे एकच पीक डोळ्यांसमोर होते, ते म्हणजे ऊस.

मुंबई इलाख्यात अभियंता असताना विश्वेश्वरय्यांनी सुचवलेली ब्लॉक पद्धत याच विचारातून आली. ठरावीक जमिनीला ठरावीक वर्षे पाण्याची हमी द्यायची, आणि त्या जमिनीच्या एका हिश्श्यात आळीपाळीने ऊस करायचा. सरकारला वसुलीची खात्री, शेतकऱ्याला पाण्याची. सासवडकडचे माळी बागायतदार या पट्ट्यात आले ते कालव्याच्या पाण्याच्या ओढीने. उसाची लावण, खत, पाण्याच्या पाळ्या यांतले त्यांचे कसब इथल्या शेतकऱ्यांनी जवळून पाहिले.

या मुलखाची बाजारपेठ होती बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ मध्ये सुरू झाली. प्रवरेकाठच्या बेलापूर गावावरून स्थानकाला नाव पडले (रेल्वेच्या दप्तरी ते आजही बेलापूरच आहे) आणि स्थानकाभोवती वखारी, अडती, धर्मशाळा, दुकाने असे करत गाव वाढले. पाटाने ऊस आला, रेल्वेने बाजार आणला. मग भांडवल आले. हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. १९३२ साली सरकारने देशी साखरेला जकातीचे संरक्षण दिल्यावर कारखान्यांची लाटच आली, आणि टिळकनगरला डहाणूकरांची महाराष्ट्र शुगर मिल्स सुरू झाली. या कंपन्या शेतकऱ्याचा ऊस विकत घेण्यापेक्षा स्वतःच पिकवत. त्यासाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने त्यांच्याकडे गेल्या. जमिनीचा मालक कागदावर खंडकरी राहिला. प्रत्यक्षात त्याच्यातले कित्येक जण आपल्याच वावरात, कंपनीच्या मळ्यावर रोजंदारीने जाऊ लागले.

ज्याने जमीन स्वतःकडे राखली तो बागायतदार गूळ करी. चरकातून निघालेला रस काहिलीत पडे, खाली चुलवाणात पाचट आणि चिपाडे ढणढणत, भेंडीचा चीक आणि चुना घालून मळी काढली जाई, आणि गुळव्या हात बुडवून, चिमटीत ताण बघून ‘आता उतरवा’ म्हणे. एक कढ चुकला की ढेप काळी पडे आणि भाव घसरे. तरीही शेतकऱ्याची खरी परीक्षा काहिलीपाशी नसे, ती पुढे पेठेत होई. लावणीच्या वेळी खत-पेंडीसाठी अडत्याकडून उचल घेतलेली असे, त्यामुळे गूळ त्याच अडत्याकडे घालणे भाग. महिन्या-दोन महिन्यांनी हाती पट्टी येई. पट्टीवर वर भाव आणि वजन, खाली वजावटींची माळ: अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय, आणि शेवटी उचल व तिचे व्याज. निव्वळ रक्कम सगळ्यांत खाली, आणि पुष्कळदा ती बाकीच निघे, येणे नव्हे. भाव कोणी ठरवला, कडता किती धरला, व्याज कोणत्या तारखेपासून लावले, हे विचारण्याची सोय नव्हती. कारण पुढच्या लावणीची उचल त्याच दारात मागायची होती.

पाण्याने पीक दिले, पिकाने पैसा दिला, आणि तो पैसा वाटेत कुठे कुठे मुरतो? हा प्रश्न घेऊन पुण्याहून एक अर्थशास्त्रज्ञ या पट्ट्यात आला. त्याचे नाव धनंजय रामचंद्र गाडगीळ.

गाडगिळांचा जन्म १९०१ चा. केंब्रिजला शिकत असताना त्यांनी भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवर जो प्रबंध लिहिला, तो १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी वाचला. परत आल्यावर थोडा काळ मुंबई सरकारच्या अर्थखात्यात, मग पाच वर्षे सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद. १९३० साली साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात भारत सेवक समाजाच्या आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि एकोणतीस वर्षांचे गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत ते त्या जागेवर होते. छत्तीस वर्षे एका संस्थेत राहिलेल्या माणसाचे चरित्र खरे तर तिथेच संपायला हवे. पण गाडगिळांच्या बाबतीत ते तिथून बाहेर पडलेल्या रस्त्यांवर सापडते.

त्या काळी हिंदुस्थानच्या अर्थकारणावर लिहिणारे बहुतेक जण सरकारी अहवालांतले आकडे घेऊन बसत. गाडगिळांनी गोखले संस्थेला माणसे पाठवून विचारण्याची सवय लावली. वाई तालुक्यातल्या शेतीचा खर्च किती आणि उत्पन्न किती, पुणे शहरातली कुटुंबे कशावर जगतात, कोण कुठून आले, असे प्रश्न घेऊन तपासनीस दारोदार जात. मोठ्या सिद्धांतापेक्षा एका प्रदेशाचे नीट, पूर्ण, तपासून घेतलेले चित्र हाती असावे, ही त्यांची भूमिका होती. प्रादेशिक अर्थशास्त्र ही विद्याशाखा म्हणून आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात ती अशी पायी चालू लागली होती.

या पाहण्यांतली सर्वांत महत्त्वाची, निदान माझ्या मते, गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची. सिंचनाचे आर्थिक परिणाम असा तिचा विषय. अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा वाटतो: पाटबंधाऱ्यावर घातलेला पैसा फिटला का? सरकारी उत्तर पाणीपट्टीच्या वसुलीवरून काढले जाई. वसुली व्याजापेक्षा कमी, म्हणून प्रकल्प तोट्याचा. गाडगिळांनी हा हिशेबच अपुरा ठरवला. पाणीपट्टी हा पाण्याने निर्माण झालेल्या संपत्तीचा एक लहानसा तुकडा, तो सरकारच्या हाती येतो म्हणून फक्त सरकारला दिसतो. बाकीचे मोजायचे तर पाटाखालची शेती आणि त्याच मुलखातली कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागते: पिके कोणती, एकरी खर्च किती, मजुरी किती दिवस, बैल किती, कर्ज किती, हाती काय राहते. हा झाला थेट लाभ. त्याच्या पलीकडे अप्रत्यक्ष लाभ. उसाबरोबर गाडीवानाला भाडे मिळाले, रेल्वेला माल मिळाला, पेंडीच्या व्यापाऱ्याला गिऱ्हाईक मिळाले, कारखान्याला कच्चा माल आणि त्यावर सरकारला कर मिळाला, आसपासच्या कोरडवाहू गावांतून आलेल्या मजुरांना हंगामभर काम मिळाले. बेलापूर रोडसारखे गाव रेल्वेच्या स्थानकापुरते न राहता पेठ झाले, तेही याच खात्यात धरायचे.

आज कोणताही मोठा प्रकल्प मांडताना लाभ-खर्चाचे कोष्टक जोडावेच लागते, त्यामुळे यात नवल वाटणार नाही. पण आपल्या देशात धरणाचा असा सर्वांगीण हिशेब मांडणाऱ्या अगदी सुरुवातीच्या अभ्यासांपैकी हा एक, आणि तो नगर जिल्ह्याच्या या पट्ट्यावर बेतलेला आहे. त्याचे मोल आणखी एका कारणाने. लाभ मोजायला निघालेला माणूस अपरिहार्यपणे ‘लाभ कोणाला’ या प्रश्नाशी येतो. पट्टीवरच्या वजावटी, कंपनीचा खंड, सावकाराचे व्याज या सगळ्या लाभाच्या वाटा होत्या, आणि पाणी धरणाऱ्या, रात्रीच्या पाळीला बांधावर उभे राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यांतली सर्वांत अरुंद वाट आलेली होती.

१९४५ साल या कथेत फार भरलेले आहे. त्या वर्षी शेती-अर्थपुरवठ्यावर गाडगिळांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीचा अहवाल आला. शेतकऱ्याचे जुने कर्ज त्याच्या फेडीच्या ताकदीनुसार कमी करून घ्यावे आणि नव्या कर्जाची संस्थात्मक व्यवस्था उभारावी, अशी त्याची दिशा होती. आणि त्याच वर्षी, डिसेंबरात, बेलापूर रोडला दख्खन कालव्यांवरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते गाडगीळ. ऊस आपला, पाणी आपण घेतो, मग साखर दुसऱ्याची का, हा विचार तिथे उघडपणे बोलला गेला, आणि बागायतदारांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचाच कारखाना काढावा या मताला जोर आला. श्रोत्यांत लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील होते.

विठ्ठलराव तेव्हा पन्नाशीला टेकलेले, शाळा चौथीपर्यंत. लोणीत त्यांनी सहकारी पतपेढीचे काम बऱ्याच वर्षांपासून चालवलेले होते, सावकारीचा जाच जवळून पाहिलेला होता. श्रीरामपूरहून पश्चिमेला वीस-पंचवीस किलोमीटरवरचे हे गाव; पाण्याचा पाट जवळ, कंपनीचे मळेही फार लांब नाहीत. परिषदेत ऐकलेली कल्पना त्यांनी उचलली आणि गावोगाव फिरून भागभांडवल जमवायला लागले. ही फिरती सोपी नव्हती. शेतकऱ्याने तोवर कारखाना पाहिला होता तो कंपनीचा, गोऱ्या साहेबाचा नाहीतर शेटजींचा. कागदाच्या एका तुकड्यासाठी पैसे भरायचे, आणि त्या तुकड्याने म्हणे कारखान्याचे मालक व्हायचे! कित्येकांना ही फसवणूकच वाटली असणार. विठ्ठलरावांकडे पटवून देण्याची भाषा होती, गोतावळा होता, लोकांचा विश्वास होता. त्यांच्याकडे जे नव्हते ते म्हणजे मुंबईच्या सचिवालयात आणि कर्ज देणाऱ्या महामंडळात चालणारे वजन.

ते गाडगिळांकडे होते. प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगिळांनी स्वीकारले आणि १९४९ पासून सुमारे अकरा वर्षे सांभाळले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता सहकाराचे कट्टर पुरस्कर्ते. सरकारने भागभांडवलात हिस्सा घेतला. नुकत्याच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज मिळाले. १९५० च्या डिसेंबरअखेर पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

या कारखान्याला आशिया खंडातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आंध्रात एटिकोप्पाका इथे १९३३ च्या सुमारास एक लहान सहकारी कारखाना निघाला होता, हे त्यासोबत सांगायला हवे. प्रवरेचे मोठेपण पहिलेपणावर अवलंबून नाही. इथे जी घडी बसली तिच्यावरून पुढे राहुरी, कोपरगाव, संगमनेर, अशोकनगर असे कारखाने नगर जिल्ह्यातच उभे राहिले आणि मग महाराष्ट्रभर पसरले. घडी बसवण्याचे काम मोठे होते, आणि त्यात अर्थशास्त्रज्ञाचा हात स्पष्ट दिसतो.

उसाचा धंदा इतर पिकांसारखा नाही. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला नाही तर त्यातली साखर कमी होऊ लागते. म्हणजे शेतकऱ्याला ऊस लांब नेऊन चांगल्या गिऱ्हाइकाची वाट बघता येत नाही. जवळचा कारखाना हाच त्याचा बाजार. उलट बाजूने, कारखान्यात एवढे भांडवल अडकलेले असते की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत रात्रंदिवस चरक फिरला पाहिजे. एक दिवस ऊस कमी पडला तर बॉयलर पेटता ठेवण्याचा खर्च तोच राहतो. दोघांचे हात एकमेकांच्या गळ्यात अडकलेले. खासगी कंपनीने यातून काढलेला मार्ग म्हणजे जमीनच ताब्यात घेणे. सहकारी कारखान्याने काढलेला मार्ग म्हणजे ऊस उत्पादकालाच मालक करणे आणि त्याच्याकडून नोंदलेला ऊस देण्याची बांधिलकी घेणे. गुळाचा भाव चढला म्हणून सभासदाने ऊस गुऱ्हाळाकडे वळवायचा नाही. साखरेचा भाव पडला म्हणून कारखान्याने त्याचा ऊस नाकारायचा नाही. सभासद लहान असो की मोठा, मत एक. ऊस एक एकर असो की पन्नास, टनाचा दर एक.

आता सहकारी कारखान्याचे उसाचे बिल त्या जुन्या अडत्याच्या पट्टीशेजारी ठेवून बघा. वजावटी इथेही आहेत. वर टन आणि दर, खाली सोसायटीच्या पीककर्जाची वसुली, भागाचा हप्ता, ठेवीची कपात, आणि मग निव्वळ. पुष्कळ शेतकऱ्यांना सुरुवातीला यात आणि त्यात फरक वाटला नसेल तर नवल नाही. पण पट्टीवरची अडत अडत्याची होत असे. बिलावरची कपात सभासदाच्या नावे कारखान्याच्या वहीत जमा होते. तिच्यातून महामंडळाचे कर्ज फिटते आणि नवी यंत्रे येतात. कपात किती हे वार्षिक सभेत ठरते, ताळेबंद छापून वाटावा लागतो, लेखापरीक्षक सरकारी असे. शेतकऱ्याने भांडवल कुठून आणावे, या प्रश्नाला गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेले हे उत्तर होते: थोडे सरकारने, थोडे महामंडळाने, आणि बाकीचे उसाच्या प्रत्येक टनातून त्याचे त्यानेच, पण सर्वांना दिसेल अशा नियमाने.

केंब्रिजच्या प्रबंधात ज्याने भारतीय उद्योगांचा इतिहास लिहिला, तो आता संचालक मंडळाच्या बैठकीत साखर उताऱ्याचे आणि रोखीच्या चणचणीचे आकडे बघत होता. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे सल्ला देणारे अर्थतज्ज्ञ उदंड आहेत. सल्ल्याप्रमाणे चालवलेल्या धंद्याच्या ताळेबंदावर सही करणारे विरळा. १९५९ मध्ये गाडगिळांनी आधुनिक भारतीय व्यापारी वर्गाच्या उगमावर एक टिपण प्रसिद्ध केले. कोणत्या जाती-जमाती व्यापारातून उद्योगात शिरल्या, कोण का मागे राहिले, याचा तो शोध आहे. ते लिहिले जात होते तेव्हाच प्रवरेकाठी शेती करणाऱ्या समाजांतून पहिल्यांदाच कारखानदार तयार होत होते, आणि तो कारखाना गाडगीळ स्वतः चालवत होते.

दरम्यान दिल्लीत आणि मुंबईतही त्यांचे काम सुरू होते. रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण पतपुरवठ्याची प्रचंड पाहणी केली. तिच्या निर्देशन समितीचे अध्यक्ष ए. डी. गोरवाला, आणि सदस्यांत गाडगीळ. १९५४ मध्ये आलेल्या तिच्या अहवालातले आकडे आजही अस्वस्थ करतात. १९५१-५२ मध्ये शेतकऱ्याने घेतलेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा होता अवघा ३.१ टक्के. सरकारचा ३.३, व्यापारी बँकांचा १ टक्क्याहूनही कमी. धंदेवाईक आणि शेतकरी सावकार मिळून सुमारे ७० टक्के. पन्नास वर्षे कायद्याने चाललेल्या सहकाराची ही कमाई. यावरून सहकार मोडीत काढा असे म्हणणारे होतेच. समितीने उलट दिशा धरली: सरकारने सहकारी संस्थांचे भागीदार व्हावे, आणि पीककर्जाची सांगड विक्री व प्रक्रियेशी घालावी. म्हणजे कर्ज देणारी सोसायटी, माल घेणारा कारखाना आणि पैसे देणारी बँक एका साखळीत यावेत. प्रवरेला जे चार वर्षे चालू होते, तेच हे. देशाच्या धोरणातली ही कल्पना नगर जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या बिलावर आधीच छापली गेली होती. इम्पिरिअल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली, तीही याच समितीच्या शिफारशींतून.

१९६१ मध्ये पंडित नेहरू कारखान्याच्या गावी, प्रवरानगरला, येऊन गेले, विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. तोवर गाडगीळ अध्यक्षपदावरून बाजूला झाले होते आणि कारखान्याची सूत्रे विठ्ठलरावांकडे होती. विठ्ठलरावांच्या पुढच्या कामावर, शाळा, दवाखाने, शिक्षणसंस्था यांवर, स्वतंत्र प्रकरण लिहावे लागेल. इथे आपल्याला गाडगिळांबरोबर दिल्लीला जायचे आहे.

थोडा काळ राज्यसभेचे नियुक्त सदस्यत्व आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून १९६७ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. काळ बिकट होता. दोन वर्षे ओळीने दुष्काळ पडून गेलेला, रुपयाचे अवमूल्यन झालेले, चौथी पंचवार्षिक योजना पुढे ढकललेली. राज्यांना योजनेसाठी केंद्राकडून जे साहाय्य मिळे, ते कशावर ठरते हे सांगता येत नसे. योजना-योजनेचा वेगळा नियम, कर्ज किती आणि अनुदान किती याचे वेगळे प्रमाण, आणि सगळ्यांच्या वर दिल्लीतली ओळख. मुख्यमंत्र्याने दिल्लीला जाऊन वाट बघायची आणि मिळेल ते घेऊन यायचे. अडत्याच्या दारातल्या बागायतदाराची आठवण व्हावी अशी ही स्थिती होती.

गाडगिळांनी तिथे सूत्र आणले. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या विशेष गरजा आधी बाजूला काढायच्या. उरलेली रक्कम बाकीच्या राज्यांत वाटताना ६० टक्के लोकसंख्येवर. १० टक्के ज्यांचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी त्यांना. १० टक्के राज्य स्वतः करवसुलीसाठी किती झटते यावर. १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी. आणि १० टक्के राज्यांच्या खास अडचणींसाठी. साहाय्याचा ३० टक्के भाग अनुदान, ७० टक्के कर्ज. विशेष राज्यांना मात्र ९० टक्के अनुदान. चौथ्या योजनेपासून, १९६९ पासून, हे लागू झाले आणि ‘गाडगीळ सूत्र’ म्हणून स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पाठांतरात गेले. १९८० मध्ये ते सुधारले, १९९१ मध्ये त्याला प्रणव मुखर्जींचे नाव जोडले गेले, आणि नियोजन आयोग असेपर्यंत या ना त्या रूपात ते टिकले.

पाठ करणाऱ्यांनी त्या टक्क्यांतला चौथा आकडा जरा थांबून पाहावा. चालू पाटबंधाऱ्यांसाठी वेगळा वाटा का? धरण अर्धवट राहिले तर घातलेला पैसा नुसता पडून राहतो, आणि पुरे झाले तर लाभ अनेक अंगांनी पसरतो, हे ज्याने प्रवरा-गोदावरीच्या पाटावर मोजून पाहिले होते, त्याला हे सुचणे साहजिक होते. सूत्रावर टीकाही झाली. लोकसंख्येला एवढे वजन दिले की गरीब राज्यांना जेवढे जास्त मिळायला हवे तेवढे मिळत नाही, हा आक्षेप रास्त होता. पुढच्या दुरुस्त्यांत मागासलेपणाचा वाटा वाढवला गेला. तरी वाटपाचा नियम आधी जाहीर असावा आणि तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा, ही गोष्ट सूत्राने एकदा रुजवली ती रुजवलीच. बिहारला किती आणि महाराष्ट्राला किती, हे आता कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येत होते.

प्रवरेच्या चित्राला एक काळी बाजूही आहे, आणि गाडगिळांबद्दल आदर असणाऱ्याने ती झाकू नये. ऊस पिकवणारा मालक झाला. ऊस तोडणारा झाला नाही. पाथर्डी, शेवगाव, बीडकडून बैलगाड्या घेऊन येणाऱ्या टोळ्या मुकादमाच्या उचलीवर येतात, कोयता चालवतात, पाचटाच्या कोपीत राहतात आणि हंगाम संपल्यावर पुष्कळदा उचल अंगावर घेऊनच परततात. अडत्याची पट्टी ज्या बागायतदाराच्या घरातून गेली, तिच्यासारखाच हिशेब त्याच्याच फडात, वेगळ्या माणसाच्या नावे, चालू राहिला. तोडणीच्या मजुरीला सिंचनाचा अप्रत्यक्ष लाभ म्हणणारे कोष्टक बरोबरच होते. पण लाभाच्या त्या रकान्यातल्या माणसाला सभासदत्वाचा, मताचा, ठेवीचा रकाना मिळाला नाही. सहकारी कारखान्यांच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव, असे मी समजतो. पाण्याचेही तसेच. उसाने पाटाचे पाणी वरच्या बाजूलाच शोषून घेतले आणि शेपटाकडची गावे पाळीची वाट बघत राहिली. जिथे पाणी जास्त झाले तिथे जमिनी चोपण झाल्या.

खंडकऱ्यांची गोष्ट तर आणखी लांबली. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खासगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे आल्या, त्या कसण्यासाठी १९६३ साली राज्य शेती महामंडळ स्थापन झाले, आणि हरिगाव, टिळकनगरचे मळे त्याच्याकडे गेले. मूळ मालकांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या त्या २०१२ पासून. १९२० च्या आसपास ज्याने खंडाच्या कागदावर अंगठा उठवला, त्याच्या नातवा-पणतवाने सात-बारा हाती घेतला. बेलापूर रोडच्या परिषदेत बसलेल्या बागायतदारांनी जी वाट धरली, ती किती वेगळी होती, हे या दोन इतिहासांची तुलना केल्यावर कळते. एकाच पाटाखाली, एकाच मातीत, जमीन राखलेल्यांना परिषदेनंतर पाच वर्षांत कारखाना मिळाला आणि जमीन खंडाने दिलेल्यांना नव्वद वर्षांनी जमीन.

१९७१ च्या निवडणुकीनंतर दिल्लीतले वारे बदलले. गाडगिळांनी नियोजन आयोग सोडला आणि पुण्याकडे परतताना, आगगाडीच्या प्रवासातच, ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातले आणखी एक काम सूत्राइतके प्रसिद्ध नाही, पण श्रीरामपूरसारख्या गावाशी त्याचा संबंध जास्त जवळचा आहे. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. आता बँका सरकारच्या झाल्या, पण खेड्यात जाणार कोण आणि कुठे? राष्ट्रीय पतपुरवठा परिषदेने राष्ट्रीयीकरणाच्या आधीच गाडगिळांच्या नेतृत्वाखाली एक अभ्यासगट नेमलेला होता. बँकांनी सगळ्या देशाकडे मोघम न पाहता प्रत्येक जिल्ह्याची पाहणी करावी, कुठे शाखा नाहीत, कोणत्या धंद्याला कर्ज मिळत नाही हे ठरवून जबाबदारी वाटून घ्यावी, असे या गटाने सुचवले. गोखले संस्थेने तीस-चाळीस वर्षे जे केले होते, ते आता प्रत्येक जिल्ह्यात बँकेने करायचे. त्यातूनच त्याच वर्षअखेर अग्रणी बँक योजना सुरू झाली. नगर जिल्ह्याची अग्रणी बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया. जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा दरवर्षी आखला जातो, पीककर्ज किती, लघुउद्योगाला किती, कोणत्या बँकेच्या वाट्याला किती हे ठरते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत बँकांना त्याचा जाब द्यावा लागतो.